इंजिन लीन चालतंय? सेन्सर विकत घेण्याआधी हे करून बघा

माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा स्कॅनरवर एकच कोड दिसला: पी०१७१, म्हणजे ‘बँक १ लीन’ (बँक म्हणजे सिलिंडरची रांग, लीन म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त). गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. आठवड्याभरात दिवा परत लागला. मग हवा मोजणारा सेन्सर नवा बसला, मग प्लग. तीन महिने असेच गेले. शेवटी एका रविवारी मी स्वतः मॅनिफोल्डखाली (सिलिंडरांकडे हवा वाटून नेणाऱ्या भागाखाली) हात घालून एक रबरी नळी चाचपली. नळीच्या कोपरावर बोट टेकवलं आणि ते सरळ आत गेलं. तेलाच्या वाफेने रबर आतून कुजून लोण्यासारखं मऊ झालं होतं. वरून बघितलं तर नळी धडधाकट दिसत होती.

तो नळीचा तुकडा हे या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त सामान होतं. त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता पहिल्या दिवसापासून स्कॅनरवर लिहिलेला होता, फक्त तो कुणी वाचला नव्हता. तो कसा वाचायचा, हेच इथे सांगायचं आहे.

हे सगळं फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना लागू आहे. डिझेल इंजिन मुळातच जादा हवेवर चालतं, त्यामुळे तिथे हा हिशेब चालत नाही.

लीन म्हणजे नेमकं काय

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त किंवा पेट्रोल त्याहून कमी पडलं की मिश्रण लीन. लक्षणं ओळखीची असतात: आयडलिंगला आरपीएम वरखाली होतो, सकाळी थंड गाडी झटके मारते, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम खाते आणि मग उचलते, कधी इनटेकमधून, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेतून, फट्ट असा आवाज येतो. आयडलिंगला लीन असणं त्रासदायक आहे. जोर देताना, चढावर किंवा ओव्हरटेक करताना लीन असणं मात्र धोक्याचं आहे, कारण तिथे नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटून ठकठक आवाज येतो) आणि व्हॉल्व्ह-पिस्टन जळू शकतात.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. एक्झॉस्टमधल्या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. त्यामुळे ‘लीन’ हा कोड म्हणजे ‘एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त दिसतोय’ एवढाच निरोप असतो. निरोप आणणाऱ्यालाच बदलून टाकायचं, ही या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी चूक. माझ्या गाडीत तीच झाली.

काय काय लागेल

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे चालू आकडे दाखवणारा स्कॅनर. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा अ‍ॅडॅप्टर आणि एखादं अ‍ॅप पुरतं, पण त्यात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते आकडे, दिसलेच पाहिजेत. नुसते कोड वाचून पुसणारं यंत्र इथे कामाचं नाही. त्याशिवाय:

– जोरदार उजेडाची बॅटरी आणि छोटा आरसा
– स्क्रू ड्रायव्हर, पाने, नळीची क्लिप काढायला पकड
– पाण्याची फवारा-बाटली
– मास एअरफ्लो सेन्सरसाठीच (हवा मोजणाऱ्या सेन्सरसाठीच) बनवलेला क्लीनर
– मल्टिमीटर
– आग विझवायचा सिलिंडर, हाताशी
– गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, आणि आधी काय काय बदललं त्याची बिलं
– वही आणि पेन

फ्युएल प्रेशर गेज लगेच विकत घेऊ नका. लागेल की नाही ते दुसऱ्या पायरीवर कळेल. काम मोकळ्या हवेत करा. बंद जागेत इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

१. कोड पुसायच्या आधी लिहून घ्या

दिवा लागला की पहिला मोह होतो तो कोड पुसून ‘परत येतोय का’ बघायचा. थांबा. कोड पडला त्या क्षणी इंजिनचा आरपीएम किती होता, तापमान, वेग, लोड आणि ट्रिम काय होते, हे कॉम्प्युटर साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही जातं. आधी तो सगळा पडदा वहीत उतरवा किंवा फोटो काढा.

व्ही आकाराच्या इंजिनात दोन बँका असतात, आणि पहिला सिलिंडर ज्या बाजूला ती बँक १. पी०१७१ बरोबर पी०१७४ पण आला असेल तर दोन्ही बाजू लीन आहेत. मग कारण दोघींना समाईक असलेल्या ठिकाणी शोधा: हवेचा सेन्सर, त्याच्या पुढची मोठी नळी, पेट्रोलचा दाब. एकाच बाजूचा कोड असेल तर त्या बाजूचं गॅस्केट (सांध्यातलं सील), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा सेन्सर.

सोबत मिसफायरचे कोड असतील, म्हणजे पी०३०० ते पी०३०४ वगैरे, तर जरा विचार करा. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सरला लीन वाटतं. कॉइल किंवा प्लगमुळे मिसिंग होत असेल तर ते आधी मिटवा. चालताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नका; एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

२. फ्युएल ट्रिम वाचा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

इंजिनचा कॉम्प्युटर एका ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. ऑक्सिजन सेन्सर सांगतो तसं त्यात तो कमी-जास्त करतो. ही तात्पुरती दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच सवय झाली की ती लाँग टर्म ट्रिममध्ये जाते. अधिक चिन्ह म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय. दोन्हींची बेरीज बघायची. बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर फारसं काळजीचं नाही. बहुतेक गाड्यांत लीनचा कोड ती २० ते २५ च्या आसपास गेली की पडतो.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा, आणि तीन वेळा आकडे घ्या: आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून, आणि रस्त्यावर जोर देऊन जाताना. रस्त्यावरचे आकडे शेजारी बसलेल्या माणसाने टिपायचे, गाडी चालवताना तुम्ही नाही.

आता तिन्ही आकडे शेजारी मांडा.

आयडलिंगला खूप जास्त आणि २५०० ला उतरतो: हवेची गळती. कारण साधं आहे. आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये ओढ जोरदार असते, आणि इंजिन एकूण हवाच थोडी घेतं. भोकातून शिरलेली हवा त्या थोड्या हवेत मोठा वाटा ठरते. आरपीएम वाढला की एकूण हवा वाढते आणि तेच भोक किरकोळ होतं.

आयडलिंगला ठीक आणि जोर दिल्यावर वाढत जातो: पेट्रोल पुरत नाहीये. पंप, फिल्टर, पंपाचं वायरिंग. कधी कधी मळलेला एअरफ्लो सेन्सरही असंच करतो.

तिन्हीकडे जास्त: पेट्रोलचा दाब सगळीकडेच कमी, इंजेक्टर चोंदलेले, किंवा सेन्सर हवा कमी मोजतोय.

माझ्या वहीत आयडलिंगला लाँग टर्म अधिक २२ आणि शॉर्ट टर्म अधिक ६ होता. २५०० ला बेरीज ५ वर आली. म्हणजे उत्तर समोर होतं: कुठून तरी हवा ओढतंय. प्लग बदलायचं काहीच कारण नव्हतं.

इथे एक खाचखळगा आहे, आणि अनुभवी लोकसुद्धा त्यात अडकतात. काही इंजिनांत एअरफ्लो सेन्सर नसतोच. ती मॅनिफोल्डमधल्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून, हवेचा अंदाज बांधतात. अशा इंजिनात भोकातून आलेली हवाही मॅप सेन्सरला दिसते आणि कॉम्प्युटर तिच्यासाठी पेट्रोल सोडतो. म्हणून तिथे गळती असली की ट्रिम फारसे बिघडत नाहीत, आयडल आरपीएम चढतो. अशा गाडीत लीनचा कोड आला तर आधी पेट्रोलच्या बाजूला आणि एक्झॉस्टकडे बघा. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे पहिल्याच दिवशी मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

आणखी एक: पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ट्रिम थोडा वर सरकतो, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका किलोला साधारण ९ किलो. १० टक्के मिश्रणाने ३-४ टक्क्यांचा फरक पडतो. तो दोष समजू नका.

३. बॉनेट उघडा, डोळे आणि कान वापरा

इंजिन बंद आणि गार असताना एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरुवात करा आणि हवा जाते त्याच वाटेने पुढे चला. एअरफ्लो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये घड्या घड्यांची जाड रबरी नळी असते. तिच्या घड्या हाताने फाकवून बघा, विशेषतः खालच्या बाजूच्या. तिथली चीर इंजिन शांत असताना मिटलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन माउंटिंगवर कलतं आणि चीर उघडते. म्हणून वरवर बघून सोडू नका. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टरचा डबा नीट बसलाय का, क्लिपा घट्ट आहेत का, एखादी नळी लावायची राहिलीय का, एवढंच आधी बघा. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

मग मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या सगळ्या बारीक नळ्या. पीसीव्हीची नळी, म्हणजे क्रॅंककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी, ही माझी पहिली संशयित असते. तिला तेल लागतं, उष्णता लागते आणि रबर कुजतं. नुसतं बघू नका, दाबून बघा. कडक होऊन तडकलेली नळी डोळ्यांना दिसते, मऊ होऊन कुजलेली फक्त बोटांना कळते.

आता इंजिन चालू करा. बाही, ओढणी, लोंबती वायर पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. स्स्स असा आवाज येतोय का ऐका. ऑइल भरायचं झाकण आयडलिंगला उचलून बघा. हलकी ओढ असणं साधारण आहे. झाकण घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटलं आणि शिट्टी वाजली, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. झाकणाचं किंवा डिपस्टिकचं रबर गेलेलं असेल तर तिथूनही न मोजलेली हवा आत जाते.

ब्रेक बूस्टर, म्हणजे ब्रेक पेडल हलकं करणारा भाग, हाही मॅनिफोल्डच्या याच ओढीवर चालतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. पेडल दाबताना फुसफुस ऐकू आली किंवा ट्रिम बदलला तर बूस्टर बघून घ्या. तो दोष ब्रेकचा आहे, त्यामुळे तसंच चालवत राहू नका.

पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक जण विसरतात. पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनकडे आणणारा हा छोटा व्हॉल्व्ह उघडाच अडकला की ती एक गळतीच होते. टाकी भरल्यावर लगेच गाडी नीट चालू होत नसेल तर हाच संशय घ्या. इंजिनकडे येणारी त्याची नळी काढा, मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा आणि ट्रिम उतरतोय का बघा.

४. न दिसणारी गळती

हाताला लागली नाही म्हणजे गळती नाही असं नाही. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, या जागी हात पोहोचत नाही.

सगळे सांगतात की कार्ब्युरेटर क्लीनर मारा. त्याने गळती सापडते हे खरं, पण तो पेट घेतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. नवख्या माणसाने पाण्याने सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. फवाऱ्याने एकेका सांध्यावर थोडं पाणी मारा. गळती असेल तर पाणी क्षणभर भोक बुजवतं आणि आवाज किंवा ट्रिम बदलतो. इग्निशन कॉइल, कनेक्टर आणि अल्टरनेटरवर पाणी जाऊ देऊ नका.

आणि कानावर भरवसा ठेवू नका. आजच्या गाड्यांत थ्रॉटल वायरवर नाही, मोटरवर चालतो, आणि कॉम्प्युटर आरपीएम जागेवर धरून ठेवतो. डोळा शॉर्ट टर्म ट्रिमवर ठेवा. तो झटक्यात खाली आला की त्याच जागी परत फवारा. तीन वेळा सारखंच झालं तर जागा पक्की.

गॅस्केटची गळती अनेकदा फक्त थंड इंजिनात असते. धातू तापून पसरला की ती मिटते. त्यामुळे ‘सकाळी झटके, दुपारी ठीक’ अशी तक्रार असेल तर ही तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, इंजिन सुरू केल्या केल्या, करा.

एवढं करूनही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने, १ पीएसआयच्या आत, धूर भरतात आणि बॅटरीच्या उजेडात तो कुठून निघतो ते बघतात. यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि एक सेन्सर उगाच बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. घरी कॉम्प्रेसर जोडून हा प्रयोग करू नका. जादा दाबाने सील फाटतात.

५. हवा मोजणारा सेन्सर

गळती नसेल तर एअरफ्लो सेन्सर. यात एक बारीक तापलेली तार असते. तिच्यावर धुळीचा किंवा तेलाचा थर बसला की ती हवा कमी मोजते, आणि कॉम्प्युटर त्या मानाने पेट्रोल कमी सोडतो. तेल लावायचे फिल्टर वापरणाऱ्यांच्या गाडीत हे जास्त दिसतं.

सेन्सर बाहेर काढा, त्याच्यासाठी असलेलाच क्लीनर लांबून मारा, पूर्ण सुकू द्या, परत बसवा. तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावू नका. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर मारू नका, सेन्सर कायमचा जातो. साफ केल्यावर ट्रिम स्पष्ट खाली आले तर दोष सापडला. थोडेसेच हलले तर मूळ कारण अजून बाकी आहे.

६. पेट्रोलचा दाब

जोर देताना ट्रिम वाढत असेल किंवा तिन्हीकडे जास्त असेल तरच इकडे या. दाब किती हवा हे मॅन्युअलच सांगेल. परतीची लाइन नसलेल्या बऱ्याच गाड्यांत तो ३.५ ते ४ बारच्या आसपास असतो, पण अंदाजावर जाऊ नका. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मगच लाइन उघडा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत जास्त दाबाच्या बाजूला हातच लावायचा नाही. तिथे शंभर बारच्या वर दाब असू शकतो आणि तो धारेने कातडी फोडतो.

आयडलिंगला दाब बरोबर आला म्हणून पंपाला पास करू नका. पंप थकला की तो आयडलिंगला पुरतो आणि चढावर कमी पडतो. पंप बदलायच्या आधी त्याच्या कनेक्टरवर, इंजिन चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या मानाने एक व्होल्टपेक्षा जास्त कमी असेल तर गंजलेली अर्थिंग किंवा कनेक्टर आधी दुरुस्त करा. नवा पंपसुद्धा त्या वायरवर कमीच फिरेल.

७. एक्झॉस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर, सगळ्यात शेवटी

पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटंच लीन दिसतं. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज आणि सांध्याभोवती काळा डाग, या दोन खुणा बघा.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. साध्या, जुन्या पद्धतीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतं. कमी म्हणजे लीन. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबून सोडा. व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे आणि खरं बोलतोय. वाइडबँड सेन्सरचे आकडे वेगळे असतात, त्याला हा नियम लावू नका. तिथे लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाणाला आदर्श प्रमाणाने भागून येणारा आकडा) १ च्या आसपास आहे का ते बघा.

८. दुरुस्तीनंतरची खात्री

नळी बदलली, क्लिप घट्ट केली, आता कोड पुसा आणि साठलेले ट्रिमही रीसेट करा. पहिल्या पाच मिनिटांत आनंद मानू नका. लाँग टर्म ट्रिम शून्यावरून सुरू होतो आणि तो परत शिकायला वेळ घेतो. तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, त्यात एक थंड सकाळ आणि एक लांबचा पल्ला असू द्या, मग दुसऱ्या पायरीचे तिन्ही आकडे परत घ्या. माझ्या गाडीत अधिक २८ ची बेरीज चौथ्या सकाळी अधिक २ वर आली होती.

आकडे उतरले नाहीत, किंवा जोर देताना नॉकिंग ऐकू येत असेल, तर गाडी माहीतगार मेकॅनिककडे न्या. जाताना वही सोबत घ्या: फ्रीझ फ्रेम, तिन्ही वेळचे ट्रिम, काय तपासलं, काय बदललं. आणि काम सांगताना ‘सेन्सर बदलून द्या’ म्हणू नका. ‘आयडलिंगला ट्रिम इतका आहे, २५०० ला इतका, गळती शोधून द्या’ असं सांगा.